मोंतेसिल्व्हानोचे साडेचार गुण: मुलीची परदेशातली स्पर्धा फसली, आता काय?

प्रश्न एका आईचा आहे, थोडक्यात असा: मुलगी ११ वर्षांची. २०२४ च्या नोव्हेंबरात इटलीत मोंतेसिल्व्हानोला झालेल्या जागतिक कॅडेट बुद्धिबळ स्पर्धेत १२ वर्षांखालील मुलींच्या गटात ती स्वखर्चाने खेळली, एका खासगी अकादमीच्या गटातून. ११ फेऱ्यांत साडेचार गुण मिळाले. रेटिंग, म्हणजे खेळाच्या ताकदीचा अधिकृत आकडा, १६५२ वरून १५६२ वर आलं. मायलेकींचा मिळून साडेचार लाख खर्च झाला. घरी आल्यापासून तिने पट उघडलेला नाही. बाबा म्हणतात, आता बुद्धिबळ पुरे, अभ्यासाचं बघू. चूक कुठे झाली? तिच्यात तेवढं नव्हतंच का? पुन्हा पाठवावं का?

ताई, तुमचं पत्र आणि स्कोअरशीटचे, म्हणजे तिने चाली लिहिलेल्या कागदांचे, अकरा फोटो मिळाले. गेले दोन दिवस संध्याकाळचा वर्ग सुटला की मी पट मांडून हेच डाव बघतोय. चोवीस वर्षं मी नाशिकला मुलांना बुद्धिबळ शिकवतो. वयोगटाच्या स्पर्धांसाठी पाच वेळा मुलांना घेऊन परदेशात गेलोय आणि त्यातल्या तीन वेळा परतीच्या विमानात माझ्या शेजारी रडवेलं पोर बसलेलं होतं. तुमचा मधला प्रश्न आधी घेतो, कारण तोच तुम्हाला झोपू देत नसणार. "तिच्यात तेवढं नव्हतंच का" हे वाक्य घरात पुन्हा कुणी उच्चारू नका. तिचे डाव तसं म्हणत नाहीत.

सहाव्या फेरीचा डाव घ्या. समोरची मुलगी रेटिंगने १२० गुणांनी वरची. तेविसाव्या चालीला तुमच्या लेकीने हत्ती देऊन उंट घेतला. लगेच परत काही मिळत नव्हतं. पण तिचा घोडा पटाच्या मध्यावर, डी५ या घरात जाऊन बसला आणि त्याला हाकलायला समोर कुणी उरलं नाही. पुढच्या पंधरा चाली समोरची मुलगी नुसती हालचाल करत राहिली. ही चाल पाठ करून येत नाही, पट समजावा लागतो. मी वर्गात हा डाव लावला तेव्हा माझ्या मोठ्या मुलांपैकी दोघांनी "कुणाचा आहे, सर?" म्हणून विचारलं.

आता रेटिंगचं. नव्वद गुण गेले हे ऐकून बाबांना धक्का बसणं साहजिक आहे, पण ते कसे गेले ते पाहा. तिच्या अकरा प्रतिस्पर्ध्यांपैकी नऊ जणींना रेटिंग होतं आणि सरासरीने त्या तिच्यापेक्षा साधारण १०० गुणांनी खाली होत्या. १०० गुणांच्या फरकाला गणित दर डावामागे ०.६४ गुणाची अपेक्षा धरतं. नऊ डावांचे झाले ५.७६. तिला त्या नऊ डावांत मिळाले साडेतीन. फरक २.२६. अठरा वर्षांखालच्या मुलांना, रेटिंग २३०० च्या खाली असेपर्यंत, हा फरक ४० ने गुणला जातो. म्हणून ९०. मोठ्या माणसाला याच निकालाला बहुतेक वेळा २० ने गुणलं असतं आणि ४५ गेले असते. मुलांचं रेटिंग मुद्दाम असं झपाट्याने हलतं ठेवलंय, कारण मुलं झपाट्याने बदलतात. जे सव्वादोन गुणांच्या फरकाने गेलं, ते तेवढ्याच फरकाने परत येतं.

आणखी एक गोष्ट बाबांना नक्की सांगा. २०२४ च्या मार्चमध्ये जागतिक संघटनेने २००० च्या खालचे सगळे क्लासिकल, म्हणजे लांब डावांचे, रेटिंग एकदम वर उचलले. २००० ला जेवढे कमी, त्याच्या ४० टक्के वाढ. ज्याचं १४०० होतं त्याचं एका दिवसात १६४० झालं. मुलांचे आकडे नोव्हेंबरपर्यंत पुरते स्थिरावलेले नव्हते. शिवाय मध्य आशियातल्या मुलांकडे बघताना आपल्याकडचा कुणीही फसतो. आठव्या फेरीत ती जिच्याशी हरली ती उझबेकिस्तानची बिनरेटिंगची मुलगी. तुम्ही पत्रात लिहिलंय, "बिनरेटिंगवालीशीसुद्धा हरली." ताई, २०२२ ला चेन्नईत ऑलिंपियाडच्या खुल्या गटाचं सुवर्ण याच देशाने नेलं. रेटिंग नाही याचा अर्थ एवढाच की त्या पोरीने अजून रेटिंगच्या स्पर्धा पुरेशा खेळलेल्या नाहीत. डाव मी पाहिला. ती मुलगी चांगली खेळली.

म्हणजे नशीब वाईट, असं म्हणून मी सोडून देत नाही. चुका झाल्या, आणि बऱ्याचशा पटाबाहेर झाल्या.

दुसऱ्या फेरीचं स्कोअरशीट समोर घ्या. पहिल्या चाळीस चाली स्वच्छ, सरळ अक्षरात आहेत. पन्नासच्या पुढे अक्षर उतरतं लागलंय. ५७ वी चाल पांढऱ्याच्या रकान्यात लिहून खोडलीये. ६२ व्या चालीला डाव हातचा गेला, आणि तिथे तिने पेन इतकं दाबलंय की फोटोतसुद्धा कागद फाटलेला दिसतो. पटावर काय होतं? पांढऱ्याचा राजा डी५, प्यादं ई५, हत्ती एच७. हिचा काळा राजा ई८ वर आणि हत्ती सहाव्या ओळीवर. ही बरोबरी आहे, आणि बरोबरीची ही रीत अडीचशे वर्षांपूर्वी फिलिडोर नावाच्या फ्रेंच खेळाडूने दाखवून ठेवलीय. हत्ती सहाव्या ओळीवरून हलवायचा नाही, पांढऱ्या राजाला पुढे येऊ द्यायचं नाही. प्यादं स्वतः सहाव्या ओळीवर आलं की मग हत्ती थेट पहिल्या ओळीवर न्यायचा आणि मागून शह देत राहायचं. तुमच्या मुलीला हे येतं. याच वर्षी राज्य स्पर्धेत तिने असाच डाव वाचवला होता, असं तुम्हीच लिहिलंय. तरी त्या दिवशी तिने हत्ती उचलला, पांढरा राजा पुढे घुसला, आणि त्यानंतरचा बचाव तिला सापडला नाही.

का सापडला नाही, ते घड्याळात बघू. फेरी तिथल्या दुपारी ३ ला सुरू झाली. प्रत्येकीला ४० चालींसाठी ९० मिनिटं, पुढे ३० मिनिटं, आणि पहिल्या चालीपासून दर चालीला ३० सेकंद. साठ-बासष्ट चालींचा डाव सहज पावणेपाच तास जातो. म्हणजे तिथे वाजले होते पावणेआठ. नोव्हेंबरात इटली आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, म्हणजे तुमच्या घरी संगमनेरला तेव्हा रात्रीचे सव्वाबारा. तुम्ही लिहिता, पहिले चार-पाच दिवस ती पहाटे साडेतीनलाच टक्क जागी व्हायची. बरोबर आहे, तिच्या शरीराला तेव्हा सकाळचे आठ वाजलेले असायचे. पावणेआठला ती सोळा तास जागी होती. पाचवीतली मुलगी सव्वाबाराला फिलिडोर विसरली, यात मला तरी तिचा दोष दिसत नाही.

व्हिसाचे पासपोर्ट उड्डाणाच्या दोन दिवस आधी हातात आले, म्हणून तुम्ही पहिल्या फेरीच्या आदल्या संध्याकाळी पोचलात. रोमला उतरून पुढे बसने तीन तास, खोलीवर जायला रात्रीचे दहा. याच्यात तुमचा इलाज नव्हता. पण एक इलाज इथून करता येतो आणि तो कुणीच सांगत नाही: निघण्याआधी आठवडाभर मुलीची झोप रोज पाव तास पुढे ढकलायची. दहाला झोपणारी मुलगी साडेअकरा-बाराला झोपवायची, सकाळी उशिरा उठवायची, आणि संध्याकाळी साडेसातला एक लांबलचक डाव लावायचा, कारण तिथल्या दुपारी ३ ला आपल्याकडे साडेसातच वाजलेले असतात. शाळेला आठ दिवस उशीर होईल. वर्गशिक्षकांना भेटून सांगावं लागेल. पण फायदा होतो, मी करून पाहिलंय.

लांबलचक डावावरून आठवलं. आपल्याकडच्या बऱ्याच रेटिंग स्पर्धांत दिवसाला दोन फेऱ्या असतात. मुलांना सवय असते दीड-दोन तासांत डाव उरकायची, मग डबा खायचा, मग दुसरी फेरी. तिथे दिवसाला एकच डाव आणि समोरची मुलगी चार तास खुर्ची न सोडता बसलेली. तुमच्या मुलीचे पहिल्या चार फेऱ्यांतले दोन डाव असे आहेत की वीस चालींपर्यंत तिने जेमतेम पंधरा मिनिटं वापरलीत. घड्याळातली वेळ ती चालीशेजारी लिहिते, ही फार चांगली सवय तिला कुणीतरी लावलीय, त्यामुळे हे कळलं. जिथे वेळ वापरायचा तिथे वापरला नाही आणि शेवटी डोकं थकल्यावर विचाराला बसली.

तरी सगळं खापर प्रवासावर फोडू नका. २०१९ ला १४, १६ आणि १८ वर्षांखालच्या गटांची जागतिक स्पर्धा आपल्या पवईत झाली होती. प्रज्ञानंदने १८ खालचं सुवर्ण घेतलं ते त्याच स्पर्धेत. माझा एक विद्यार्थी तिथे खेळला. ठाण्याला मावशीकडे राहायचा, रोज घरचा डबा, ना व्हिसा ना झोपेचा घोळ. त्याला अकरात चार गुण मिळाले. सलग अकरा दिवस रोज आपल्याइतकं किंवा आपल्याहून सरस पोर समोर बसणं, याची त्याला सवयच नव्हती. जिल्ह्यात आणि राज्यात पहिल्या दोन-तीन फेऱ्या हलक्या जातात. तिथे एकही जात नाही.

आता विश्रांतीचा दिवस. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, कारण तुम्ही ते प्रेमानेच केलंत. सहा फेऱ्यांनंतर तिचे साडेतीन गुण होते. उरलेल्या पाच फेऱ्यांत एक. मधल्या सुट्टीच्या दिवशी सगळा गट रोम बघायला गेला. पहाटे सहाला निघून रात्री अकराला परत, बसमध्येच सहा तास. सातव्या फेरीचं स्कोअरशीट बघा, १९ व्या चालीला तिने एका चालीत उंट सोडलाय. असा डाव तिच्या बाकीच्या दहांत एकही नाही. परदेशी आलोय, लेकराला दोन गोष्टी दाखवाव्यात, असं कुठल्या आईला वाटणार नाही? पण रोम अकराव्या फेरीनंतर दाखवायचं. परतीचं तिकीट दोन दिवस पुढचं काढायचं. सुट्टीच्या दिवशी समुद्रावर तासभर फिरणं, दुपारी झोप, संध्याकाळी तासभर पट, बस.

गटाच्या प्रशिक्षकांबद्दल तुम्ही फार सौम्य लिहिलंय. सोळा मुलं आणि एक प्रशिक्षक. कोण कुणाशी खेळणार त्या जोड्या रात्री लागायच्या आणि सकाळी प्रत्येकाला दहा मिनिटं. ताई, दहा मिनिटांत समोरच्या मुलीचं नाव डेटाबेसमध्ये टाकून तिचे शेवटचे चार डाव बघून होतात, एवढंच. पाचव्या फेरीआधी तिला सिसिलियनचा, म्हणजे डाव सुरू करण्याच्या एका पद्धतीचा, नवीनच प्रकार दिला आणि ती तो खेळली. जिंकली, पण ओपनिंगमधून, म्हणजे सुरुवातीच्या चालींतून, बाहेर पडली तेव्हा तिचा पट हरलेला होता. मी स्वतः ही चूक केलीय, म्हणून एवढ्या खात्रीने बोलतोय. पहिल्यांदा परदेशी गेलो तेव्हा दहा वर्षांच्या एका मुलाला रात्री साडेअकरापर्यंत बसवून राजाच्या प्याद्याविरुद्धचं अख्खं प्रकरण पढवलं. दुसऱ्या दिवशी समोरच्याने वजिराचं प्यादं पुढे टाकलं. आमचं पोर गोंधळून पंधराव्या चालीला हरलं, आणि हॉलबाहेर येऊन मलाच "सॉरी सर" म्हणालं. तेव्हापासून माझा नियम आहे, स्पर्धा सुरू असताना नवीन काही शिकवायचं नाही. जे येतं तेवढंच पुन्हा चाळायचं, अर्ध्या तासात.

पुढच्या वेळी कुठल्याही गटातून जाताना पैसे भरण्याआधी तीनच गोष्टी लेखी विचारा: एका प्रशिक्षकामागे किती मुलं, तो रोज प्रत्येकाला किती वेळ देणार, आणि डाव संपल्यावर तो हॉलबाहेर उभा असेल का. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. हरलेलं मूल बाहेर येतं त्या पहिल्या पाच मिनिटांत तिथे कोण आहे, यावर त्याचा पुढचा दिवस ठरतो. तुमच्या मुलीला त्या पाच मिनिटांत रोज फोन मिळायचा, पलीकडे बाबा आणि आजोबा, आणि पहिला प्रश्न "काय झालं?" त्यांनीही काळजीनेच विचारलं. पण अकरा दिवसांत सहा वेळा तिने फोनवर "हरले" असं सांगितलं. पुढच्या वेळी निकाल तुम्ही कळवा, आणि तिच्याशी फोनवर बोलायचं ते जेवण झाल्यावर.

खर्चाबद्दल थोडंच लिहितो. प्रत्येक देशाच्या प्रत्येक गटातल्या एका अधिकृत खेळाडूच्या राहण्याजेवणाचा भार आयोजक उचलतात. बाकीची मुलं स्वखर्चाने जातात, आयोजकांनी ठरवलेल्याच हॉटेलात, त्यांच्याच दराने. आपल्याकडून अशी पुष्कळ मुलं जातात. आपल्या विदर्भातली दिव्या देशमुख २०१४ ला दरबानला १० वर्षांखालच्या गटात आणि २०१७ ला ब्राझीलमध्ये १२ खालच्या गटात जगज्जेती झाली, नाशिकचा विदित गुजराथी २००८ ला व्हिएतनाममध्ये १४ खालच्या गटात. या बातम्या वाचून आपल्या सगळ्यांच्या मनात काहीतरी हलतं आणि ते चांगलंच आहे. पण स्वखर्चाची जागा मिळाली म्हणजे मूल त्या रांगेत जाऊन बसलं, असं घरात कुणी धरू नये. तुमच्या घरी निघताना पेढे वाटले गेले, शाळेत फलक लागला. साडेचार गुण घेऊन त्याच फलकाखालून तिला शाळेत जावं लागलं. तिने पट का मिटला, हे मला तिथे जास्त कळलं. जमलं तर मुख्याध्यापकांना सांगून तो फलक शांतपणे काढून घ्या. आणि साडेचार लाखांचा आकडा तिच्यासमोर पुन्हा काढू नका. तिला तो पाठ आहे, खात्री बाळगा.

आता काय करायचं ते. पंधरा दिवस पट बंदच राहू दे. तिला खेळायला बसवू नका, क्लासला पाठवू नका, "बघ ती अमकी खेळतेय" म्हणू नका. मग एखाद्या रविवारी सहाव्या फेरीचा तो डाव तुम्ही स्वतः पटावर मांडा. तुम्हाला चाली वाचता येत नाहीत असं म्हणालात. तेच बरं आहे. तिलाच विचारा की हे कसं मांडायचं. हत्ती का दिला, हेही विचारा. पाच मिनिटांनी उठून गेली तरी चालेल. पुढच्या रविवारी पुन्हा मांडा. हरलेल्या डावांकडे तिच्याबरोबर मी नंतर जाईन, तिची तयारी झाली की, आणि सुरुवात दुसऱ्या फेरीपासून करेन. त्यात तिचं काही चुकलं ते घड्याळामुळे, हे तिला आकड्यांनी दाखवता येतं. तिचं वय आकड्यांवर विश्वास ठेवायचं आहे.

बाबांना म्हणावं, बुद्धिबळ बंद करायचं की नाही, याचा निर्णय या एका स्पर्धेवर नको. जूनपर्यंत थांबा. तेवढ्यात तिला एखादी संथ स्पर्धा खेळवा, दिवसाला एकच डाव असलेली. ती मिळाली नाही तर महिन्याला दोन लांब डाव मी तिला माझ्या मोठ्या मुलांबरोबर लावून देतो. जूनमध्येही ती नको म्हणाली, तर तिचं ऐका. तेव्हा मीही आग्रह करणार नाही.

पुन्हा परदेशी पाठवायचं का? लगेच नाही, आणि इतक्या लांब तर नाहीच. श्रीलंकेत मुलांची स्पर्धा असेल तर घड्याळ आपलंच राहतं, आमिरातीत असेल तर दीड तासाचाच फरक आणि विमान तीन-साडेतीन तासांचं. अशी एक छोटी स्पर्धा आधी करा. जाताना राईस कुकर, मेतकूट आणि मुगाची डाळ न्या. तिथे रात्रीचं जेवण साडेसातला मिळायचं आणि ती पास्ता बाजूला सारून नुसता पाव खायची, हे तुमच्या पत्रात एका ओळीत आलंय, पण मला ते व्हिसाइतकंच महत्त्वाचं वाटतं. डावाच्या तासभर आधी गरम वरणभात खाल्लेलं मूल चौथ्या तासालाही खुर्चीत ताठ बसतं.

चौथ्या फेरीच्या स्कोअरशीटचा फोटो धूसर आलाय. ३१ ते ३८ या चाली मला लागत नाहीत. तिथे तिने बरोबरी मान्य केली, पण मला वाटतं ती जिंकत होती. तो एक फोटो दिवसाच्या उजेडात काढून पुन्हा पाठवा.